हात वर न करणारी मुलं



गेल्या महिन्यात नातीचं दप्तर आवरताना जाड कागदाचा एक चौकोन हाताला लागला. त्यावर काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी होती. मला वाटलं, किराणा दुकानात पैसे भरायला लावलेला कोड हिने उचलून आणलाय. रागावणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "दादी, ते माझं उत्तर आहे."

सातवीतली पोर. घरात बोलायला लागली की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, आणि शाळेत मात्र तोंड शिवल्यासारखी. दर पालकसभेत सून एकच ऐकून येते, हुशार आहे पण हात वर करत नाही. मग चौविहाराच्या आधी जेवायला बसलो की घरातले सगळे तिला तेच विचारणार, "बोलत का नाहीस गं?" आणि ती आणखी खाली बघणार.

तर हा कागद काय आहे ते आधी सांगते. प्लिकर्स म्हणून एक प्रकार आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळतं, आणि प्रत्येक कार्डावरची नक्षी वेगळी असते. चौकोनाच्या चार बाजूंना अगदी बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. मॅडम फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय देतात. ज्याला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून त्याने कार्ड धरायचं. मॅडम आपला मोबाइल वर्गावरून फिरवतात आणि कॅमेरा सगळी कार्डं वाचून घेतो. मुलांकडे मोबाइल लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. ४० कार्डांचा संच छापून घेतला की झालं, वर्ग मोठा असेल तर ६३ चाही मिळतो. शेजारच्याने मान वाकडी करून पाहिलं तरी त्याला नक्षीच दिसते, उत्तर कळत नाही. मॅडमच्या मोबाइलवर मात्र कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हे नावासकट येतं.

म्हणजे हे पूर्ण निनावी नाही, हे लक्षात घ्या. वर्गापासून लपलेलं आहे, गुरूपासून नाही. मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडली. आपल्याकडे आलोचना अशीच असते ना? चूक गुरूंपुढे सांगायची, गावभर नाही.

आमचे एक दीर निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "भाभी, तोंड लपवून उत्तर द्यायची सवय लावताय पोरांना. उद्या इंटरव्ह्यूला काय कार्ड धरून बसणार?" त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. त्याचं कारण माझ्याच आयुष्यात आहे, पुढे सांगते. पण आधी वर्गात गप्प बसणारी ही मुलं कोण, ते पाहू.

आपलं तळेगाव आता पूर्वीचं राहिलेलं नाही. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव इथे कारखाने आले आणि त्यांच्यामागे कुटुंबं आली. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली. नातीच्या वर्गात एक मुलगी घरी भोजपुरी बोलते. गणितात पहिली, पण "वजाबाकी" म्हणताना जीभ अडखळते आणि पोरं हसतात. तिने दोनदा हसू ऐकलं आणि बोलणं सोडलं. कार्डाने दाखवलं की ती रोज बरोबर असते. मॅडमनाही तेव्हाच कळलं. आमच्या नातीचं वेगळंच, तिला चुकायची भीती वाटते, कारण घरात सगळे तिला हुशार म्हणतात. (यात दोष माझाही आहे. आल्यागेल्यापुढे तिचे मार्क सांगायची सवय मलाच.) एक मुलगा सगळ्यांच्या मागे बसतो, त्याला फळ्यावरचं नीट दिसतच नव्हतं. सलग चार दिवस त्याची कार्डं चुकली, मग चष्म्याचा नंबर निघाला. सगळी मुलं गप्पच दिसतात, पण गप्प बसायची कारणं केवढी निराळी.

आणि काही मुलं मुळातच कमी बोलणारी असतात, तेही मान्य करायला हवं. त्यांना उगाच डिवचू नये. आपल्या धर्मात भाषासमिती आहे, वचनगुप्ती आहे. पण गुप्ती म्हणजे बोलता येत असताना आवरलेलं बोलणं. भीतीने घशात अडकलेल्या शब्दाला गुप्ती म्हणत नाहीत, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कोणी सांगायला हवं होतं.

मी बी.कॉम. झाले १९८१ मध्ये. वर्गात आम्ही मोजून सात मुली, पहिल्या बाकांवर चिकटून बसायचो. पहिल्याच वर्षी घसारा शिकवताना मला एक शंका आली. घसाऱ्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत, तिजोरीतून काही जात नाही, मग तो खर्चात का धरायचा? मी उभी राहिले आणि विचारलं. सर म्हणाले, "आधी घरच्या पोळपाटाचा घसारा किती धरतेस ते सांग." सगळा वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? खाली बसले, आणि पुढची अडीच वर्षं त्या वर्गात माझा आवाज कोणी ऐकला नाही. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. घसारा मात्र समजला थेट आमचा टेंपो दहा वर्षांनी मोडीत निघाला आणि नवा घ्यायला गाठीला काही नव्हतं तेव्हा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. १९९४ मध्ये यजमानांच्या एका परिचिताला व्यवसायासाठी कर्ज हवं होतं. घर माझ्या नावावर, म्हणून कागदांवर माझीही सही लागणार होती. समोर चार पुरुष बसलेले, कागद इंग्रजी, आणि मी कॉमर्सची पदवीधर. एका पानावर जामीनदार असा अर्थ निघतोय हे मला दिसलं होतं. दिसलं होतं, मैत्रिणींनो. "हे काय आहे?" एवढे तीन शब्द विचारायचे होते. पण घशाशी तो वर्ग आला, ते हसू आलं, आणि मी सही केली. चार वर्षांनी नोटीस आली. माझे आठ तोळे त्यात गेले आणि यजमानांची झोप गेली. तो परिचित वाईट माणूस नव्हता, त्याचा धंदा बुडाला. पण मी विचारलं असतं तर निदान डोळे उघडे ठेवून सही केली असती, किंवा केली नसती.

म्हणून दिरांचं म्हणणं मला कळतं. सहीच्या टेबलावर कोणी कार्ड देत नाही. तिथे तोंडच उघडावं लागतं.

पण मग मी असंही विचार करते, की त्या पहिल्या वर्षी माझ्या हातात असं कार्ड असतं तर? सरांना दिसलं असतं की घसाऱ्याच्या प्रश्नावर निम्मा वर्ग चुकलाय. हसणारेसुद्धा चुकलेत. माझा प्रश्न पोळपाटाचा राहिला नसता, वर्गाचा झाला असता. गप्प मुलाला बोलतं करणं ही पुढची गोष्ट. आधी त्याला एवढं कळतं, की मला समजलं नाही यात मी एकटी नाही.

याचं मूळ शोधायला सुनेने मदत केली. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. १९९० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की आपले विद्यार्थी सूत्रं घालून अवघड गणितं सोडवतात, पण साध्या समजुतीच्या प्रश्नाला अडखळतात. मग त्यांनी शिकवण्याची रीत बदलली. प्रश्न टाकायचा आणि प्रत्येकाने एकट्याने विचार करून आपलं उत्तर नोंदवायचं. मग शेजाऱ्याशी बोलायचं, माझं हे का, तुझं ते का. आणि पुन्हा एकदा उत्तर द्यायचं. त्यावर त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. उत्तर नोंदवायला पुढे टीव्हीच्या रिमोटसारखी छोटी यंत्रं आली, त्यांना क्लिकर म्हणतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत २०१२ च्या आसपास आकाश टॅब्लेटसाठी क्लिकर नावाचं ॲप केलं गेलं होतं. तिथेच पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात, जिथे शेकडो मुलं एकत्र बसतात, आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांपुढे अशी रीत वापरून पाहिली गेली.

माझ्या मते सगळी किमया त्या मधल्या पायरीत आहे. शेजाऱ्याशी बोलण्यात. नुसतं कार्ड वर धरलं, मॅडमनी मोबाइल फिरवला, पुढचा प्रश्न, असं चालू राहिलं तर ते आणखी एक परीक्षाच झाली. चार पर्यायांत शंका मावत नाही. माझा घसाऱ्याचा प्रश्न ए, बी, सी, डी मध्ये कुठे बसला असता? कार्ड उत्तर लपवायला शिकवतं, प्रश्न विचारायला नाही. त्यासाठी कार्ड खाली ठेवून शेजारणीकडे वळावंच लागतं. नातीच्या मॅडम आता तसं करतात म्हणे. भोजपुरी बोलणारी ती मुलगी आणि आमची पोर एका बाकावर बसतात. त्यांची काय भाषा चालते देव जाणे, पण घरी आल्यावर आमची पोर अपूर्णांक तिच्या पद्धतीने सोडवते.

हिशेबाच्या भाषेत सांगू? तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम आपण तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो, म्हणजे काम अडत नाही. पण नंतर चूक शोधायची आणि ते खातं बंद करायचं. वर्षानुवर्षं सस्पेन्स खातं चालू ठेवणारा हिशेबनीस कोणी ठेवून घेत नाही. निनावी कार्डाचं माझ्या मनात तसंच आहे. ते जरूर उघडावं आणि बंद करायची तारीखही मनात ठेवावी.

हे सगळं डोक्यात घोळत असताना चातुर्मास आला आणि मी स्थानकात एक उद्योग केला. आमच्या पाठशाळेत रविवारी मुलं येतात, मागे आया आणि काकू बसतात. महासतीजी दर वेळी विचारायच्या, "काही शंका?" आणि सगळीकडे शांतता. कार्डं, प्रोजेक्टर हे आपल्याला कुठून परवडायला? मी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि दाराशी ठेवला. नाव न लिहिता प्रश्न टाका म्हणून सांगितलं.

पहिल्या रविवारी १७ चिठ्ठ्या. मी थक्क झाले. त्यातल्या ६ चिठ्ठ्यांत एकच प्रश्न, शब्द तेवढे वेगळे: प्रतिक्रमण पाठ आहे पण अर्धमागधी कळत नाही, मग आपण नेमकं काय म्हणतोय? सहांपैकी निदान तीन तरी अक्षरं मोठ्या बायकांची होती. म्हणजे वीस-वीस वर्षं प्रतिक्रमण करणाऱ्यांच्या मनात हे होतं. एकीने विचारलं होतं, पाळीच्या दिवसांत मोबाइलवर प्रवचन ऐकलं तर चालतं का. एका मुलाने लिहिलं, पप्पा गुटखा खातात, त्यांना प्रत्याख्यान घ्यायला कोण सांगणार. आणखी एक चिठ्ठी होती, डब्यात कांदा-बटाटा नसतो म्हणून शाळेत चिडवतात, काय बोलू?

अडचणीही आल्या, त्या लपवत नाही. आपलं गाव लहान, त्यामुळे अक्षर ओळखू येतं. दुसऱ्या आठवड्यात एकीने अक्षरावरून अंदाज बांधला आणि बाहेर चपला घालताना कुजबूज झाली. तेव्हापासून सगळ्या चिठ्ठ्या मी माझ्या अक्षरात एका वहीत उतरवते, मूळ चिठ्ठ्या फाडते आणि वही महासतीजींकडे देते. आणि एका चिठ्ठीत प्रश्न नव्हताच, कोणाच्या तरी सुनेची निंदा होती. तोंड लपलं की जीभ सैल सुटते, हे दिरांचं म्हणणं तिथे खरं ठरलं. ती चिठ्ठी मी वाचली तेवढ्यावर संपवली. म्हणून म्हणते, डबा ठेवाल तर तो उघडणारी बाई एकच असावी आणि ती पोटात ठेवणारी असावी.

शाळांतल्या तक्रारपेट्यांचंही हेच आहे. २०१७ मध्ये शासनाने शाळाशाळांतून तक्रारपेटी लावायला सांगितलं, २०२२ मध्ये सखी सावित्री समित्या करायला सांगितल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या त्या भयंकर प्रकारानंतर पुन्हा तीच आठवण करून द्यावी लागली. पेटी भिंतीवर असणं आणि ती कोणी उघडणं यात फरक आहे. ज्या मुलीला आपला आवाज कोणी ऐकून घेतं असा अनुभवच नाही, ती पेटीत तरी चिठ्ठी का टाकेल? वर्गातल्या अपूर्णांकाच्या साध्या प्रश्नापासून तिला तो अनुभव मिळाला पाहिजे. आपापल्या मुलांच्या शाळेत पालकसभेला जाल तेव्हा मार्कांबरोबर हेही विचारा, पेटी कोण उघडतं आणि कोणत्या वारी.

स्वाध्यायाची पाच अंगं आपल्याला लहानपणीच पाठ करून घेतलेली: वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. पृच्छना दुसऱ्या जागी आहे. वाचल्याबरोबर विचारायचं, पाठांतर त्यानंतर. आपण मात्र पोरांना वाचनेवरून थेट परावर्तनेवर नेतो, मधली पायरी गाळून. इंद्रभूती गौतम पावापुरीला आले तेव्हा जीव आहे की नाही ही शंका त्यांनी कोणाला सांगितलेली नव्हती. भगवंतांनी ती न विचारताच ओळखली. सर्वज्ञांना चिठ्ठी लागत नाही, आपल्या मास्तरांना लागते, एवढाच फरक.

आणि कौशांबीची जयंती श्राविका आठवा. मृगावती राणीची नणंद. भगवतीसूत्राच्या बाराव्या शतकात तिचे प्रश्न आहेत. जीव जड कशाने होतो, झोपणं चांगलं की जागं राहणं, बलवान असणं चांगलं की दुर्बळ. एकामागून एक तिने विचारले आणि भगवंतांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. "आधी पोळपाटाचं सांग" असं तिला कोणी म्हटलं नाही. चातुर्मासात महासतीजींनी हा भाग वाचला तेव्हा मागे बसलेल्या बायका पुढे सरकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी वहीतला अर्धमागधीचा प्रश्न वाचून झाल्यावर महासतीजी म्हणाल्या, "हा ज्यांचा आहे त्यांनी सांगायला हवं असं नाही, पण अर्थ कोणत्या पाठापासून सुरू करू एवढं सांगा." थोडा वेळ कोणीच हललं नाही. मग पासष्टीच्या एक काकीजी उभ्या राहिल्या, ज्यांना मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते आणि ज्यांचा स्थानकात आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. म्हणाल्या, "लोगस्सपासून करा. ते माझ्या सासूबाईंनी शिकवलं, पण त्यांनाही अर्थ येत नव्हता." त्यामागोमाग आणखी दोघी बोलल्या.

आता दर रविवारी अर्धा तास अर्थ चालतो. डबा अजून दाराशी आहे, पण चिठ्ठ्या कमी झाल्यात, गेल्या वेळी पाचच होत्या. पाळीच्या प्रश्नावर महासतीजी फक्त बायकांना वेगळं बसवून बोलणार आहेत, तारीख ठरली की कळवते. नातीने अजून शाळेत हात वर केलेला नाही. मी विचारणं सोडलंय. आल्यागेल्यापुढे मार्क सांगणंही सोडलंय, निदान प्रयत्न तरी चालू आहे. परवा मात्र ती कपाटातून माझी बी.कॉम.ची जुनी वही काढून बसली होती आणि म्हणाली, "दादी, तो घसाऱ्याचा प्रश्न नीट सांग ना, मला पण नाही कळला." भाजी गॅसवर होती. गॅस बारीक केला आणि तिला टेंपोचं उदाहरण घेऊन सांगायला बसले.